आउटडोअर फिल्म पोर्ट्रेट दाणेदार येतायत? आधी चेहऱ्यावरचा लाइट मोजा

फिल्मवर पोर्ट्रेट काढायला लागलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते, की बाहेर एवढा लख्ख उजेड होता तरी फोटो दाणेदार आले, चेहऱ्याची सावलीतली बाजू मातकट झाली, काळे केस राखाडी दिसतायत. मग दोष फिल्मला दिला जातो, नाहीतर लॅबला, आणि पुढच्या वेळी महागातली फिल्म आणली जाते आणि परत तेच होतं. कलर निगेटिव्हवर जो नकोसा ग्रेन, म्हणजे हे दाणे, दिसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने येतो, ते म्हणजे चेहऱ्याला पुरेसा लाइट मिळालेला नसतो. सीनमध्ये लाइट भरपूर असेल हो, पण चेहऱ्यावर नव्हता आणि मीटरने सीन मोजला.

ग्रेन वाईट असतो असं माझं अजिबात म्हणणं नाही, ट्राय-एक्स या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा ग्रेन मला मनापासून आवडतो. पण आपण ठरवून घेतलेला ग्रेन वेगळा आणि एक्सपोजर कमी पडल्यामुळे गळ्यात आलेला वेगळा. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, आणि यात मुख्यतः कलर निगेटिव्ह धरलीये कारण नवीन लोक बहुतेक त्यावरच सुरू करतात. ब्लॅक अँड व्हाइटचे नियम थोडे उलटे आहेत, ते पुढे सांगतो.

आधी हे का होतं ते बघू

फिल्मच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे लहानमोठे क्रिस्टल असतात. मोठे क्रिस्टल थोड्याशा उजेडातही रिअॅक्ट होतात, बारीक क्रिस्टलना जास्त उजेड लागतो. कलर फिल्ममध्ये तर एकेका रंगासाठी फास्ट आणि स्लो असे वेगवेगळे थर दिलेले असतात. आता उजेड कमी पडला की काय होतं, फक्त मोठे जाडे क्रिस्टलच कामाला येतात, बारीकवाले तसेच राहतात, आणि चित्र त्या जाड्या, एकमेकांपासून लांब असलेल्या ठिपक्यांनीच बनतं. उजेड भरपूर मिळाला की बारीक क्रिस्टलही भरतात. डेव्हलपिंगमध्ये कलर फिल्ममधलं सिल्व्हर काढून टाकलं जातं आणि त्याच्या जागी डायचे, म्हणजे रंगाचे, छोटे ढग उरतात, ते ढग जेवढे दाट आणि एकमेकांवर चढलेले तेवढी मधली फट बुजते आणि त्वचा गुळगुळीत दिसते. म्हणूनच कलर निगेटिव्हला थोडं जास्त एक्सपोजर दिलं की ग्रेन कमी दिसतो. डिजिटलवरून आलेल्यांना हे पचायला जरा वेळ लागतो कारण तिथे हायलाइट उडायची भीती असते, इथे भीती शॅडोची बाळगायची.

आणि दुसरा फटका स्कॅनिंगला बसतो. अंडरएक्सपोज झालेली निगेटिव्ह पातळ असते, जवळजवळ पारदर्शक, आणि स्कॅनर किंवा लॅबवाला ती नॉर्मल दिसावी म्हणून उजळ करतो. त्यात ग्रेन तर वर येतोच, वर स्कॅनरचा स्वतःचा नॉइज पण त्यात मिसळतो. जे काही दाणेदार म्हणून दिसतं त्यातला बराच भाग हा असतो.

तुमच्या जुन्या निगेटिव्ह काढून बघा

नवीन रोल घालायच्या आधी हे करा, फुकटात होतं. ज्या फ्रेम दाणेदार आल्या त्यांची निगेटिव्ह लाइटसमोर धरा, फोनवर पांढरी स्क्रीन लावली तरी चालेल. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला, केसांत, कपड्यांच्या घड्यांत काही तपशील दिसतोय का? तिथे नुसता फिल्मचा नारिंगी बेस दिसत असेल तर फिल्मवर तिथे काही उमटलेलंच नाही, मग कुठलाही स्कॅनर ते आणू शकणार नाही.

आता फिल्मच्या कडेला छापून येणारे फ्रेम नंबर आणि फिल्मचं नाव बघा. ते फॅक्टरीतच एक्सपोज केलेले असतात, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही, ते फक्त डेव्हलपिंगवर अवलंबून असतात. नंबर ठसठशीत आहेत पण फोटो पातळ आहेत, तर एक्सपोजर कमी पडलं. नंबरही फिक्के आणि फोटोही फिक्के, तर डेव्हलपिंगमध्ये गडबड आहे. आणि नंबर पण चांगले, निगेटिव्ह पण छान दाट, तरीही स्कॅन दाणेदार, तर मामला स्कॅनिंगचा आहे. एवढं एक कळलं की अर्धं डोकं शांत होतं, उगाच सगळीकडे हात मारत बसावं लागत नाही.

फिल्म कुठली घ्यावी

इथे फार वेळ घालवू नका. कोडॅक पोर्ट्रा १६०, पोर्ट्रा ४००, एक्टार १००, गोल्ड २००, अल्ट्रामॅक्स ४०० यातलं काहीही चालतं. एक्टारचा ग्रेन खूपच बारीक आहे पण कॉन्ट्रास्ट आणि रंग भडक, काही चेहरे लालसर येतात, त्यामुळे पोर्ट्रेटसाठी माझी पहिली पसंती नाही. नवीन माणसाला मी पोर्ट्रा ४०० सांगेन, कारण ती चुका पोटात घालते. बजेट कमी असेल तर गोल्ड २०० घ्या आणि तिला भरपूर उजेड द्या.

एक गैरसमज मात्र काढायला हवा, की कमी आयएसओ (फिल्मच्या नावातला आकडा, ती उजेडाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा) म्हणजे हमखास कमी ग्रेन. झाडाखाली १०० ची फिल्म घालून शटर पुरत नाही म्हणून एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी एक्सपोजर दिलंत तर तो फोटो नीट एक्सपोज केलेल्या ४०० च्या फिल्मपेक्षा वाईट येणार. जिथे उभं राहणार तिथला लाइट बघून फिल्म ठरवा. सिनेस्टिल ८००टी सारखी टंगस्टन फिल्म, म्हणजे बल्बच्या पिवळसर उजेडासाठी बनवलेली, दिवसा बाहेर वापरायची तर नारिंगी ८५ नंबर फिल्टर लागतो, तो वर लाइट खातो, त्यामुळे दिवसाच्या पोर्ट्रेटला ती सोयीची नाही.

कॅमेऱ्यात फोटो काढताना फ्रेम भरून घ्या हेही इथेच सांगतो. ३५ एमएमची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर एवढीशीच असते, त्यातून नंतर क्रॉप करून चेहरा मोठा केला की ग्रेनही तेवढाच मोठा होतो. मीडियम फॉरमॅटची ६ बाय ६ सेंटिमीटरची फ्रेम साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात साडेतीन पटींहून जास्त, म्हणून तीच फिल्म तिथे एवढी मुलायम दिसते. कॅमेरा बदलायची गरज नाही, दोन पावलं पुढे जा किंवा ८५-१०५ एमएमची लेन्स लावा.

मीटरिंग, म्हणजे खरं काम

आता मुख्य मुद्दा, यावर जितका वेळ द्याल तितका कमीच.

कॅमेऱ्यातला मीटर परत येणारा उजेड मोजतो आणि समोर जे काही आहे ते मध्यम राखाडी, म्हणजे १८ टक्के उजेड परत फेकणारं आहे असं धरून चालतो. त्याला चेहरा कळत नाही. मागे उजळ आकाश असेल, पांढरी भिंत असेल, माणसाच्या पाठीमागे सूर्य असेल तर मीटर म्हणतो बापरे केवढा उजेड, आणि एक्सपोजर कमी करून टाकतो, चेहरा सहज दोन-तीन स्टॉप अंडर जातो. केसांना सोनेरी कड येते म्हणून पाठीमागून ऊन घेतलेले जे सुंदर पोर्ट्रेट सगळ्यांना काढायचे असतात, तिथेच सगळ्यात जास्त ग्रेन येतो तो याच कारणाने.

काय करायचं, तर कॅमेरा मॅन्युअलवर टाका, माणसाच्या अगदी जवळ जा, फ्रेममध्ये फक्त चेहरा येईल इतकं जवळ, आणि चेहऱ्याची जी बाजू सावलीत आहे तिच्यावर रीडिंग घ्या. तुमची स्वतःची सावली त्यावर पडत नाहीये ना बघा. ते रीडिंग सेट करा, मग मागे या, आता मीटर काहीही ओरडू दे, त्याच्याकडे बघायचं नाही. ऑटो कॅमेरा असेल तर एक्सपोजर लॉकचं बटण वापरा, नाहीतर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन प्लस दीड-दोनवर ठेवा.

त्वचेचा रंग पण लक्षात घ्या. गोरी त्वचा मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असते, तिच्यावरून घेतलेलं रीडिंग जसंच्या तसं वापरलं तर एक स्टॉप कमी पडतो, म्हणून एक स्टॉप वाढवा. गडद त्वचेवरून रीडिंग घेतलं तर मीटर उलट थोडं जास्तच एक्सपोजर देतो आणि कलर निगेटिव्हला त्याचा फायदाच होतो. पण गडद त्वचेच्या माणसाचा फोटो पूर्ण सीन मोजून काढला तर नुकसान सगळ्यात मोठं, कारण तो चेहरा आधीच शॅडोच्या जवळ असतो आणि एक स्टॉप गेला तरी लगेच दाणेदार होतो. तिथे घाई करू नका, जवळ जाऊनच मोजा, प्रत्येक जागेला मोजा.

हातातला इन्सिडंट मीटर असेल तर उत्तमच, तो चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजतो, त्याला त्वचेच्या रंगाशी किंवा कपड्यांशी देणंघेणं नाही. हनुवटीजवळ धरा, पांढरा गोळा कॅमेऱ्याकडे करा, आणि पाठीमागून ऊन येत असेल तर गोळ्यावर थेट ऊन पडू देऊ नका. मीटर नसेल तर फोनवरची लाइट मीटरची अॅप्स पण चालतात, फक्त ती बहुतेक कॅमेऱ्यासारखीच परतीचा उजेड मोजतात, म्हणून तीही चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूवरच रोखायची.

मीटर काहीच नसेल तर सनी १६ चा आधार घ्या. लख्ख उन्हात एफ १६ ला शटर आयएसओएवढं, म्हणजे ४०० च्या फिल्मला साधारण १/५००. वर आकाश उघडं आहे अशा सावलीत तीन-चार स्टॉप जास्त लागतात, म्हणजे १/५०० ला एफ ५.६ किंवा एफ ४. दाट झाडाखाली याच्याहून बराच लाइट कमी असतो आणि डोळ्याला ते अजिबात कळत नाही, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. झाडाखालच्या फोटोंमध्ये ग्रेन का येतो याचं उत्तर हेच.

आयएसओ डायल खाली आणा

ही युक्ती सगळे सांगतात, पण ती नक्की काय करते ते समजून घ्या. ४०० ची फिल्म घालून डायल २०० वर ठेवली की कॅमेऱ्याला वाटतं फिल्म स्लो आहे आणि तो प्रत्येक फोटोला एक स्टॉप जास्त देतो. लॅबला काहीही वेगळं सांगायचं नाही, डेव्हलपिंग नॉर्मलच. कोणी "४०० ची २०० वर शूट केली, मग पुल करा" (म्हणजे डेव्हलपिंग कमी करा) म्हणालं तर नको म्हणा, पुल केलंत की जी दाटी कमावली ती परत घालवली.

आता डायल पण खाली, रीडिंग पण सावलीतलं, असं दोन्ही केलं तर साधारण दोन-तीन स्टॉप जास्त जाईल. पोर्ट्रा ४०० ला ते झेपतं. गोल्ड आणि अल्ट्रामॅक्सला मी एक ते दोन स्टॉपच्या पुढे नेणार नाही, रंग सरकायला लागतात. एक्टारला एक स्टॉप पुरे. आणि स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट सरळ चित्र येतं, निगेटिव्ह नाही) हे काहीही लागू नाही, तिथे अर्धा स्टॉप जास्त झाला तरी हायलाइट धुऊन जातात.

माणसाला उभं कुठे करायचं

नुसतं एक्सपोजर वाढवण्यापेक्षा चेहऱ्यावर लाइट आणणं कधीही चांगलं, कारण मग शॅडो आणि हायलाइटमधलं अंतरच कमी होतं. सावलीत खोल आत उभं करण्यापेक्षा सावलीच्या कडेला उभं करा आणि तोंड उघड्या आकाशाकडे वळवा, तेवढ्यानेच एक-दोन स्टॉपचा फरक पडू शकतो. समोर फिक्या रंगाची भिंत किंवा उन्हातली फिकी जमीन असेल तर ती फुकटचा रिफ्लेक्टर आहे. नसेल तर पांढरा थर्माकोल किंवा पांढरी चादर कोणाला तरी धरायला सांगा, चेहऱ्याच्या जितकी जवळ तितकं चांगलं. हिरव्या गवतावरून येणारा उजेड मात्र हनुवटीखाली हिरवट रंग टाकतो, तो नंतर काढताना शॅडो ओढावी लागते आणि ग्रेन परत हजर.

संध्याकाळच्या उजेडात शेवटच्या अर्ध्या तासात लाइट भराभर उतरतो. सुरुवातीला घेतलेलं रीडिंग शेवटपर्यंत चालवू नका, दर तीन-चार फ्रेमनंतर परत मोजा. शटर १/१२५ च्या खाली जायला लागलं आणि लेन्स पूर्ण उघडी आहे, तर तिथे कमी एक्सपोजर देऊन रेटण्यापेक्षा ट्रायपॉड लावा, माणसाला स्थिर बसवा, किंवा पुढच्या रोलला पोर्ट्रा ८०० घाला. फिल्टर लावला असेल तर तेही धरा, पोलरायझर दीड ते दोन स्टॉप खातो, आणि हातातल्या मीटरला फिल्टर दिसत नाही.

पॉइंट अँड शूट कॅमेऱ्यांबद्दल एक. बरेचसे डब्यावरचा डीएक्स कोड वाचून आयएसओ स्वतः ठरवतात, डायल नसतेच. तिथे पाठीमागून ऊन असेल तर बॅकलाइटचं बटण दाबा किंवा फ्लॅश ऑटोवर न ठेवता जबरदस्तीने चालू करा. जवळच्या चेहऱ्याला दिवसासुद्धा फ्लॅशचा छान आधार मिळतो.

जुना कॅमेरा असेल तर बॅटरी तपासा. पूर्वीचे बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी बॅटरीवर चालायचे, त्यात आजची १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की अनेक कॅमेऱ्यांत मीटर चुकीचं, बऱ्याचदा जास्त उजेड असल्याचं दाखवतो आणि तुम्ही कायम अंडर राहता. दुसऱ्या मीटरशी ताडून बघा, फरक ठरावीक असेल तर तेवढा डायलवर भरून काढा.

ब्लॅक अँड व्हाइटचं गणित वेगळं

नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये सिल्व्हर निघून जात नाही, चित्र त्याचंच बनतं. म्हणून इथे दोन-तीन स्टॉप ओव्हर केलं की निगेटिव्ह दाट होते आणि ग्रेन उलट वाढतो. शॅडोला पुरेल इतकं द्या, फार तर अर्धा-एक स्टॉप जास्त, बस. बारीक ग्रेन हवा तर इलफोर्ड डेल्टा १००, एफपी४ प्लस, कोडॅक टी-मॅक्स १०० घ्या. घरी डेव्हलप करत असाल तर डेव्हलपरपैकी रोडिनल ग्रेन ठळक करतं, एक्सटॉल किंवा परसेप्टॉलमध्ये तो बारीक येतो. टाकी जोरजोरात हलवू नका आणि सगळ्या केमिकलचं तापमान सारखं ठेवा.

इलफोर्डची एक्सपी२ सुपर नावाची फिल्म आहे, ती ब्लॅक अँड व्हाइट असूनही कलरच्या सी-४१ प्रोसेसमध्ये डेव्हलप होते आणि तिच्यातही डायचेच ढग असतात. म्हणजे तिला ४०० ऐवजी २०० वर शूट केलं की कलरसारखाच ग्रेन कमी होतो. नवीन माणसाने पोर्ट्रेटसाठी ही एकदा वापरावीच असं मला वाटतं.

लॅब आणि स्कॅन

लॅबला रोल देताना पुश, म्हणजे जास्त डेव्हलपिंग, सांगू नका. पुश केल्याने शॅडोमध्ये नसलेला तपशील येत नाही, कॉन्ट्रास्ट आणि ग्रेन मात्र नक्की वाढतात. अख्खा रोल चुकून खूप अंडर गेला असेल तेवढीच वेळ सोडून.

स्कॅनसाठी मात्र स्पष्ट सांगा: शार्पनिंग बंद किंवा कमीत कमी, कॉन्ट्रास्ट कमी, जमलं तर टिफ फाइल. लॅबचे मशीन डीफॉल्टमध्ये शार्पनिंग करतात आणि शार्पनिंगला डोळ्याची पापणी आणि ग्रेनचा दाणा सारखाच. घरी डिजिटल कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर कॅमेऱ्याचा सगळ्यात खालचा आयएसओ ठेवा. एडिटिंगमध्ये क्लॅरिटी आणि टेक्श्चर चेहऱ्यावर लावू नका, शॅडोचा स्लायडर ओढून वर नेण्याऐवजी ती शॅडो थोडी गडदच राहू द्या, काळा भाग काळा असला की ग्रेन त्यात लपतो. आणि स्क्रीनवर १०० टक्के झूम करून ग्रेन मोजत बसू नका, फोटो ज्या साइझला बघितला जाणार त्या साइझला बघा.

एक्स्पायर्ड फिल्म, उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिलेला रोल, विमानतळावरच्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म, या सगळ्यांत धुकं चढतं आणि ग्रेन वाढतो. पोर्ट्रेटसाठी ताजी फिल्म वापरा, फ्रीजमध्ये ठेवा, वापरायच्या आधी काही तास डबी न उघडता बाहेर काढून ठेवा, आणि प्रवासात हाताने तपासायची विनंती करा.

एक टेस्ट रोल काढा

हे सगळं वाचून डोकं भरलं असेल, तर एक रोल फक्त यासाठी ठेवा. एका मित्राला सावलीच्या कडेला उभं करा, चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूचं रीडिंग घ्या, डायल डब्यावर लिहिलेल्या आयएसओवरच ठेवा, आणि पाच फ्रेम काढा: एक स्टॉप कमी, बरोबर रीडिंगवर, एक जास्त, दोन जास्त, तीन जास्त. मग त्याला पाठीमागून ऊन येईल असं वळवा आणि तेच पाच परत. फक्त शटर किंवा फक्त अॅपर्चर बदला, दोन्ही नको, आणि प्रत्येक फ्रेमचं सेटिंग वहीत लिहा, लक्षात राहत नाही. स्कॅन करताना लॅबला सांगा की सगळ्या फ्रेम नेहमीसारख्या करेक्ट करून द्या.

मग चेहऱ्याचा गाल आणि गळ्याखालची सावली तेवढीच शेजारी शेजारी लावून बघा. कुठल्या फ्रेमनंतर ग्रेन कमी व्हायचा थांबतो आणि कुठे रंग फिके पडायला लागतात, ते दोन्ही दिसेल. त्याच्या मधला जो स्टॉप तुम्हाला आवडेल तो त्या फिल्मच्या डबीवर मार्करने लिहून ठेवा आणि पुढचे रोल तसेच काढा, फिल्म बदलली की टेस्ट परत करा.